दंतमंजनाने घासलेलं ग्रेटिंग

राजधानीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारकेतल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा चहूबाजूंनी इमारतींची कामं चालू होती. घरात सिमेंटची धूळ इतकी यायची, की नुकत्याच निवृत्त झालेल्या बाबांना पुन्हा पूर्णवेळ नोकरी लागली. खांद्यावर पिवळं फडकं टाकून ते दिवसभर दिसेल ते पुसत असत.

मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते. काचेवर सोल-जेलचा, म्हणजे विरजल्या दुधासारखा हळूहळू घट्ट होणाऱ्या द्रवाचा, पातळ थर द्यायचा. तो मऊ असतानाच त्यावर ग्रेटिंग, म्हणजे अतिसूक्ष्म समांतर रेघा असलेली काच, दाबून त्या रेघांचा छाप उठवायचा आणि मग भट्टीत भाजायचा. त्या रेघांवर नेमक्या कोनातून लेझर टाकला, की उजेड थरात शिरून पुढे पळतो. पळायला हवा, असं म्हणू या. माझे थर तडकत होते. परदेशी कोला गल्लोगल्ली मिळू लागला होता, पण आमच्या सरांनी मागवलेलं परदेशी ग्रेटिंग यायला आठ महिने लागले होते. ते एकच होतं आणि माझा प्रबंध त्याच्यावरच अडला होता.

शनिवारी लॅबमध्ये झुरळांचं औषध मारणार होते. सर म्हणाले, "घर ले जाओ, जान से ज़्यादा सँभालना." मी ते डबीत घालून शोकेसमध्ये ठेवलं.

शनिवारी बाजारातून आले, तर बाबा दारातच उभे. "अगं, तुझ्या त्या काचेवर केवढा तेलाचा तवंग होता! सगळे रंग दिसत होते. फडक्याने बिल्कुल जाईना. शेवटी दंतमंजन लावलं, तेव्हा कुठे गेला."

काच लख्ख होती. ते रंग ज्या रेघांमुळे दिसत होते, त्यांतली एकही उरली नव्हती. मी काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

सोमवारी मात्र ऑफिसचा जुना कोट चढवून माझ्याबरोबर निघाले. सरांसमोर उभे राहून म्हणाले, "गलती मेरी है, बेटी की नहीं." सरांनी डोकं धरलं. मग मला विचारलं, "आख़िरी छाप कहाँ है?"

तो खणात पडला होता. कोपरा तडकला म्हणून मी तपासलाही नव्हता. लेझरसमोर लावून कोन बदलायचा स्क्रू केसभर फिरवला आणि एक लाल रेघ थरातून सरळ तडकलेल्या कोपऱ्यापर्यंत पळत गेली. सर ओरडलेच, "अरे! इसी से नया ग्रेटिंग बना लेंगे!"

बाबा लांब, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते. माझीच मला लाज वाटली. मी त्यांचा हात ओढून स्क्रूवर ठेवला. त्यांनी जरासा फिरवला आणि रेघ विझली. ते पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "आता उलटा." रेघ परत आली.

बाबा बराच वेळ तसेच वाकून होते. मग अगदी हळू म्हणाले, "श्वास घेतला तर चालेल ना गं?"