मास्क काढल्यावरची वीस पावलं

लडाखमध्ये पोस्टिंग झाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन. खांद्यावर तीन तारे आणि डोक्यात हवा. चौदा हजार फुटांवर भरपूर हवा बहुधा तिथंच होती. पहिल्या दिवशी सी.ओ. साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या बुटांवर ओकले. साहेब एवढंच म्हणाले, "वेलकम, कॅप्टन." नातवंडांना हा किस्सा फार आवडतो. पुढचा मी त्यांना सांगत नाही.

सहा खाटांचं हॉस्पिटल. डॉक्टर एकच, मेजर साहेब. मी आणि दोन नर्सिंग असिस्टंट. ०६०० वाजता ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे. काटा बघायचा, व्हॉल्व्हला तेलकट हात लागलेला नाही ना ते बघायचं. दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका. ०७०० वाजता राउंड. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र एकच होतं. ते मी गळ्यात अडकवून मिरवायचे, नव्या नवरीनं मंगळसूत्र मिरवावं तसं.

मेजर साहेबांचा नियम साधा होता. मास्क काढायचा, अर्धा तास थांबायचं, पेशंटला वीस पावलं चालवायचं, मगच आकडा लिहायचा. कारण असं की, विरळ हवेत काहींच्या फुफ्फुसात पाणी झिरपतं. ऑक्सिजन लावला की ओठ गुलाबी होतात, माणूस बोलायला लागतो. पण पाणी असतं तिथंच. खरं औषध एकच, खाली उतरवणं.

त्या दिवशी मेजर साहेब पुढच्या पोस्टवर गेले होते. ०७४० ला सिपाही मल्लिनाथला आणलं. वय बावीस. वर येऊन पाच दिवस झालेले. खोकला, ओठ निळे, आकडा बासष्ट. मास्क लावला. असिस्टंटला कात्री सापडेना, तशी मी ओरडले, "कुठं ठिवलीस रं?"

पोरानं डोळे उघडले. मास्कच्या आतून म्हणाला, "मॅडम, तुमी आपल्याकडच्या?"

"लोहारा. तू?"

"जळकोट."

झालं. दीड वर्षात कानावर अशी बोली पडली नव्हती. कॅप्टन विरघळली. मॅडमची अक्का झाली.

तासाभरात आकडा एक्क्याण्णव. हेलिकॉप्टर ०९१० ला येणार होतं, त्यात एक जागा रिकामी होती.

"अक्का, मला खाली धाडू नका. पयल्याच आठवड्यात उतरलो तर पलटण लई हसंल."

"हसू दे. आधी चालून दाखव."

"चालतो की. पण मला चालायला लावता? कोजागिरीला जळकोटाहून तुळजापूरला अनवाणी गेलेला गडी हाय मी. तुमी कधी गेलाव का?"

गेले होते ना. तीन वेळा, लोहाऱ्याहून. पायाला फोड आलेले, तरी आईच्या दारात पोचल्यावर फुगडी घातली होती. आमच्याकडं माणसाचा दम असाच मोजतात. आणि तीन ताऱ्यांच्या त्या शहाणीनं त्या दिवशी पोराला न चालवता तसाच मोजला. तुळजापूरची वाट खालच्या मुलखातली, तिथं श्वास फुकट मिळतो, एवढंही डोक्यात आलं नाही.

०९०२ ला रेडिओ वाजला. पलीकडं मेजर साहेब.

"सिस्टर, आकडा? ओव्हर."

"एक्क्याण्णव, सर. ओव्हर."

"मास्क काढून? ओव्हर."

"यस सर. ओव्हर."

खोटं नव्हतं. मास्क काढून एक मिनिट झालं होतं.

"मग राहू दे. आउट."

हेलिकॉप्टर आलं, पाय मोडलेल्या एका हवालदाराला घेऊन गेलं. मल्लिनाथनं मला अंगठा वर करून दाखवला. मीही केला.

११०० ला ढग खाली आले. ११३० ला तो परत खोकला, रुमालावर गुलाबी फेस. आकडा अठ्ठावन्न. मी हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "निगेटिव्ह. वेदर." रस्ता बर्फानं बंद. एक सिलिंडर संपला, दुसरा लावला. आता आकडा चढेना.

"अक्का, चालून दाखवू का?" तो म्हणाला.

"पडून राहा गप."

हे आमचं शेवटचं बोलणं. १६४० ला तो गेला. सिलिंडरमध्ये अजून ऑक्सिजन होता. व्हॉल्व्ह मी बंद केला.

मेजर साहेबांनी परत आल्यावर चार्ट वाचला. मास्क काढल्याची वेळ बघितली. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रजेवर आले तेव्हा जळकोटला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. त्याच्या आईनं हात धरून बाजेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं. म्हणाली, "त्याच्यापाशी आपल्याकडची कुणी व्हती, लई बरं झालं बाई." मी म्हटलं, "सगळं केलं आम्ही." गूळ तोंडात होता. दरवर्षी जात राहिले, दरवर्षी उंबऱ्यावर गप्प झाले. चार वर्षांपूर्वी ती माउली गेली. तिला सांगायचं ते इथं लिहिलं.

आता लोहाऱ्यात बोटाचं ते यंत्र घरोघरी आहे. शेजारीपाजारी आकडा दाखवायला माझ्याकडं येतात. मी आधी चालायला लावते. "अक्का कवायत घेतीया," म्हणून हसतात. हसू देत. अंगणाच्या टोकापर्यंत वीस पावलं होतात. मी मोठ्यानं मोजते.

सिपाही मल्लिनाथ, जळकोट. तो चालतो म्हणाला होता. दोनदा.