शाईची रेघ

कारासावा योशिहारूच्या कामाची जपानमधल्या सुवा गावातले लोक थट्टा करायचे. अख्खं गाव कॅमेऱ्याच्या लेन्स जोडतं आणि हा बाबा कापत बसतो! पण दुकानात मांडायला लेन्सचा उभा छेद लागतोच, नाहीतर गिऱ्हाइकाला आतलं कसं कळणार? भंगाराच्या पेटीतली लेन्स घ्यायची, आत राळ ओतून सुकू द्यायची म्हणजे भिंगं हलत नाहीत, आणि हिऱ्याच्या पात्यानं सावकाश मधोमध कापायची.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची बायको मिचिए भिंगांच्या कडांना काळी शाई लावायची, उजेड कडेवरून भलतीकडे उसळू नये म्हणून. भिंग चकतीवर फिरतं, कुंचला स्थिर धरायचा. छेदात ती शाई केसाएवढी रेघ होऊन दिसते. तिची रेघ तो नेमकी ओळखायचा.

यंदाच्या थंडीत ती गेली. आजार उशिरा कळला. आधी हात थरथरतात, डॉक्टर म्हणाले होते. योशिहारूला रडू आलं नाही, आणि याची त्याला लाजही वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं.

कामावर परतल्यावर कापलेल्या पहिल्याच लेन्समध्ये तिची शाई भिंगावर ओघळलेली होती. वर कडं बसतं, त्यामुळे तपासणीत ते दिसत नाही. लेन्सवरचा शिक्का मात्र आजार कळायच्या आधीच्या वर्षाचा होता. हे कधीपासून चाललं होतं, एवढंच आता त्याला हवं होतं. त्यानं आणखी जुनी लेन्स काढली. तीही तशीच. मग त्याहून जुनी.

"कारासावासान, लेन्स कापताय की काकड्या?" मुकादम फुजिमोरी म्हणाला. "दुकानाला एकच हवीय."

"शाई बाहेर गेलीय."

फुजिमोरीनं चष्मा वर सरकवून पाहिलं. "एवढंसं कोण बघतंय हो?"

"मी बघायला हवं होतं."

फुजिमोरी पेटी तिथेच ठेवून गेला.

शेवटी सरळ रेघ सापडली, तीन वर्षांपूर्वीच्या वसंतातली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली पुढची लेन्स बिघडलेली होती. तो उन्हाळा त्याला आठवला. मिचिएच्या हातून मिसोचं सूप चटईवर सांडलं होतं आणि वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला होता, "जरा धड धरत जा की."

दुसऱ्या दिवसापासून सूप अर्धी वाटीच येऊ लागलं. "मीठ कमी खावं माणसानं," ती म्हणाली होती. बायको आपल्या तब्येतीला किती जपते, हे त्यानं कारखान्यात कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं.

सरळ रेघेची लेन्स घासूनपुसून त्यानं फुजिमोरीच्या टेबलावर ठेवली.

घरी येऊन त्यानं सूप केलं. सवयीनं वाटी अर्धी भरली, थांबला, मग काठोकाठ भरली. दोन्ही हातांत धरून तो ती स्वयंपाकघरातून मिचिएच्या फोटोपर्यंत घेऊन गेला. एक थेंब सांडला नाही.