एकपैकी पहिली

धुकं उतरलं की आमचं बेट जागच्या जागी नाहीसं होतं. आधी शेजारचं घर जातं, मग धक्का, शेवटी आपले पाय तेवढे उरतात. ऑक्टोबरात दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा शनिवार. त्या दोन्ही दिवशी समोर मेन राज्याच्या किनाऱ्यावर कॉलेजप्रवेशाची परीक्षा होती. टॅमसिन पेन्सिली घेऊन धक्क्यावर बसून राहिली, लाँच आलीच नाही.

टॅमसिन ही माझ्या शेजारच्या ऑरिनची धाकटी मुलगी. बापाच्या बोटीवर आमिषाच्या पिशव्या भरायची, शेवंडांचे पिंजरे ओढायची. अंगाला आमिषाच्या हेरिंग मासळीचा वास कायमचा. बेटावरच्या शाळेत बारावीला ती एकटीच.

परीक्षेचे गुण नसले तरी अर्ज घेतो, असं कॉलेजनं कळवलं होतं. ऑरिनला ते पटेना. "गुण न्हाईत म्हटल्यावर पोरगी काय तरी लपवतीया असंच म्हणतील. एक वरीस थांब."

"थांबले की हितंच राहीन, बाबा. तुला ठावं हाय."

ठाऊक होतंच. म्हणून तर त्यानं पुढं अडवलं नाही.

शाळेतल्या शिक्षिका हॅडलॉकबाईंनी अर्जासोबतचा शाळेचा कागद भरला. वर्गातला क्रमांक: एकपैकी पहिली.

"एकपैकी शेवटची बी लिवा की, बाई!" ऑरिन म्हणाला.

"तेवढं त्यांना कळतं. तू आमिष बघ."

आता पोरीला जोखायला राहिला फक्त निबंध. तो तिनं बोटीच्या केबिनीत बसून लिहिला. धुक्यातून घरी कसं यायचं, एवढंच. इंजिन बंद करायचं. पाण्यावर तरंगणारी घंटा डाव्या कानाला ऐकू आली की खडक उजवीकडं. देवदाराचा वास आला की जमीन जवळ. मला वाचून दाखवला. तीस वर्षं मी तसाच घरी येतोय, पण ऐकताना आपण पाण्यावर आहोत की पाण्याखाली, ते कळेना.

मार्चअखेर मोसमाचे पहिले पिंजरे टाकताना, माझी बोट त्यांच्या शेजारीच होती, तिच्या फोनवर उत्तर आलं. ऑरिननं फोन हातभर लांब धरून ते दोनदा वाचलं. मग बोटीचा रेडिओ उचलला.

"पोरीला घेतलं. बिनगुणाची."

खरखरीतून कुठल्याशा बोटीवरचा आवाज आला, "झ्याक! आन् तुझं आमिष कोण भरणार रं आता?"

"मीच की," ऑरिन म्हणाला. त्यानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि भरायला बसला. बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं, नाडी बांधताना बोटं अडखळत होती. टॅमसिन बघत राहिली. मदतीला काही गेली नाही.