गोलकीपरच्या लेकीची ओळ

पर्सिदाने आयुष्यात एकदाच बेटिंगच्या दुकानात पाय ठेवला होता, तोही नवऱ्याला, मिलुतिनला, दंडाला धरून बाहेर काढायला. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मिलुतिनला जाऊन सहा महिने झाले होते. अंगावर काळे कपडे होते आणि हातात ओळखपत्र होतं, कारण दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं की अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पर्सिदा चौसष्ट वर्षांची होती. तरी तिने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवलेली बाई ती. पाटीवरचं वाचून तसं केल्याशिवाय तिने कधी हूक हलवला नव्हता.

"राहू दे हो, मावशी," काउंटरमागची झागोर्का म्हणाली. "तुम्हाला बघून कोणी सतरा म्हणणार नाही."

"बघ तरी. फोटो चांगला आलाय."

झागोर्काने फोटो बघितला, चांगला आलाय असं कबूल केलं आणि मग विचारलं, "आज कोणाला ओढून न्यायचंय?"

"कोणाला नाही. बसायला आलेय."

खिडकीजवळच्या टेबलावर तोझा आणि स्रेतेन बसले होते. दोघेही मिलुतिनच्याच भट्टीवरचे, दोघेही पेन्शनीत. बारा वर्षं दर शनिवारी हे तिघं इथे बसून एक तिकीट भरायचे. तिघांत मिळून एकच, पाच सामन्यांचं. तोझाच्या दोन ओळी, स्रेतेनच्या दोन, आणि पाचवी मिलुतिनची. पाचातला एक अंदाज जरी चुकला तरी तिकीट पडायचं, आणि ज्याच्या ओळीने पाडलं त्याने सगळ्यांना कॉफी आणि राकिया, म्हणजे आमच्याकडची फळांची दारू, पाजायची. पाचवी ओळ ठरलेली होती: आपला लाबूद जिंकणार. लाबूद म्हणजे आमच्या गावचा फुटबॉल क्लब. तो जिंकतो कधीकधी, पण अशी वर्षं गेलीत की त्याबद्दल फार बोलू नये. तरी त्याच्याविरुद्ध पैसे लावणं हे आमच्याकडे स्वतःच्या आईबद्दल वाईट बोलण्यासारखं आहे. ती ओळ मिलुतिनच्या गळ्यात पडली, कारण तो गोलकीपरचा जावई. पर्सिदाचे वडील सतरा वर्षं लाबूदच्या गोलात उभे होते. आता जावयाला सासऱ्याची लाज राखायला नको?

म्हणून मिलुतिन राखत राहिला आणि पाजत राहिला. आणि घरी पर्सिदा दर शनिवारी संध्याकाळी त्याची वाट बघत कंबर कसून उभी असायची. "पुन्हा पाजलीस ना त्या दोघांना? अरे, त्या टेबलाचे पाय तरी आता आपल्या नावावर करून घे!" तो बूट काढत काढत हसायचा आणि कधीच उत्तर द्यायचा नाही.

तो गेल्यावर लोकांनी तिला विचारलं, सगळ्यात जड काय जातं? रात्री? जेवणाची वेळ? ती म्हणाली, शनिवार संध्याकाळ. भांडण तोंडाशी आलेलं असायचं आणि भांडायला कोणी नसायचं.

ती टेबलाजवळ गेली आणि तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवला.

"ही कोणाची?"

तोझा उठायला गेला आणि त्याची कॉफी हिंदकळली. "वहिनी, ही... म्हणजे, ही मिलुतिनची."

"मग झालं. माझी."

"तसं नाही, वहिनी," स्रेतेन म्हणाला. तो मुळातच कुरकुऱ्या. "इथे फुटबॉल लागतो. भाव कळावे लागतात. शिवाय आम्ही बोलतो कसंही."

"स्रेतेन, मी एकतीस वर्षं तुझ्या डोक्यावरून तीस तीस टन नेलेत. तू खालून कसंही बोलायचास ते सगळं वर ऐकू यायचं."

शेवटी असं ठरलं की पुढचा एक शनिवार, मिलुतिनच्या आठवणीखातर, वहिनी बसतील. एकच. मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय हे पर्सिदाला चांगलं कळत होतं. कारखान्यात पहिल्या दिवशी फोरमन तिला हेच म्हणाला होता. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि त्यानंतर एकतीस वर्षांत तिच्या हूकखाली एकाचंही बोट चेंगरलं नाही.

सोमवारी ती वही घेऊन झागोर्काकडे आली. दुपारी दुकानात माशा मारायच्या सोडून झागोर्काला काम नसायचं, आणि शिकवायची तिला हौस. एक म्हणजे यजमान जिंकणार, दोन म्हणजे पाहुणे, आणि फुली म्हणजे बरोबरी. पुढचा आकडा म्हणजे भाव. जितके लावाल त्याला भावाने गुणायचं.

"म्हणजे भाव मोठा तो चांगला?"

"भाव मोठा म्हणजे दुकानाला वाटतंय की हे होणार नाही. आणि दुकान मूर्ख नाही, मावशी. हे दुकान माझ्या पगारासकट चालतं ते कशावर?"

पर्सिदाने हे लिहून घेतलं. झागोर्काने आणखी सांगितलं: नवख्याने एका कॉफीइतके लावावेत, एकाच सामन्यावर, आणि हरलं तर त्याच दिवशी भरून काढायला परत यायचं नाही. घरी जायचं. "मी इथे सोळा वर्षं बसलेय. परत फिरून येणारा माणूस मला पावलांवरून कळतो."

"मिलुतिन यायचा परत?"

"कधीच नाही," झागोर्का म्हणाली, आणि पुढे काहीतरी बोलणार होती ती उगाच प्रिंटरचा कागद नीट करायला लागली.

बुधवारी पर्सिदा मैदानावर गेली. कुंपणाबाहेर उभं राहून सराव बघायला कोणाची बंदी नाही. इतर लोक चेंडू बघतात, ही गोलकीपरचे पाय बघत होती. लहानपणी तिने वडिलांना अंगणात हजारो चेंडू मारले होते. लाबूदचा नवा गोलकीपर डावीकडे मांजरासारखा झेपावत होता. उजवीकडे चेंडू आला की मात्र पावलं टाकत जायचा, झेप नाही. हातमोज्याखाली उजव्या मनगटाला पट्टी होती. तिने अर्धा तास बघितलं आणि वही उघडली. शनिवारचे पाहुणे लीगमध्ये दुसरे होते, आणि त्यांचा डावखुरा पुढे खेळणारा कुठल्या बाजूला मारतो हे तिच्या वहीत होतं.

घरी येऊन तिने वडिलांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग स्वतःलाच हसू आलं आणि तिने तो परत फिरवला.

शनिवारी सकाळी दहाला, दोघं यायच्या दोन तास आधी, ती दुकानात आली. आत कोणी नव्हतं. तरी ती काउंटरवर इतकी वाकली की झागोर्काला वाटलं बाईंना बरं नाही.

"झागोर्का, एक विचारते. कोणाला बोलायचं नाही."

"बोला."

"टेबलावरच्या तिकिटात मी लाबूदलाच लिहिणार. लिहावंच लागेल. वडिलांसाठी, मिलुतिनसाठी. पण आज आपण हरणार. माझ्या ओळीने तिकीट पडणार आणि मला पाजावी लागणार. पेन्शन माहीतच आहे तुला. तर मला असं विचारायचंय की..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "वेगळं, एकटीचं, छोटंसं तिकीट. दोनवर. पाहुण्यांवर. असं चालतं का? पाचशे लावले तर तुमच्या भावाने पावणेनऊशे येतात. तेवढ्यात तिघांची फेरी निघते, मी हिशेब केलाय. आणि लाबूद जिंकलाच तर पाचशे गेले, खुशीने गेले."

झागोर्काने चष्मा काढला.

"पाप आहे ना?" पर्सिदा म्हणाली. "मला माहीतच होतं. राहू दे."

"मावशी, मी मिलुतिनकाकांना शब्द दिला होता."

"कसला?"

"ते दर शनिवारी दहाला यायचे. याच वेळी. असेच वाकायचे. आणि हेच तिकीट मागायचे. बारा वर्षं. टेबलावर लाबूदला लिहायचे आणि इथे दुसऱ्या बाजूने लावायचे. त्यातूनच पाजायचे सगळ्यांना. घरच्या दिनारांना फारसा हात नाही लावला त्यांनी कधी."

पर्सिदाने काउंटरची कड धरली.

"मग मला का नाही सांगितलं त्या गाढवाने? मी बारा वर्षं त्याला..."

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, तिला कळलं मी लाबूदच्या विरुद्ध लावतो, तर ती मला घरात घेणार नाही. गोलकीपरची मुलगी आहे ती. त्यापेक्षा उधळ्या म्हणू दे."

पर्सिदा रडली. काळ्या रुमालाने डोळे पुसले आणि मग अशी काही शिवी दिली, की ती इथे लिहिता येणार नाही, पण इतक्या प्रेमाने दिलेली शिवी झागोर्काने त्याआधी ऐकली नव्हती. नंतर तिने पाचशेची नोट काउंटरवर सपाट केली.

"दे तिकीट. दोनवर."

बारा वाजता तिघं टेबलावर बसले. स्रेतेनने आपल्या दोन ओळी लिहिल्या, तोझाने आपल्या, आणि पेन्सिल पर्सिदाकडे आली. तिने पाचव्या ओळीत लाबूदच्या नावापुढे एक लिहिला. तोझाने हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

मग त्या दिवशी जे झालं ते त्या टेबलावर बारा वर्षांत झालं नव्हतं. पहिले चारही सामने लागले. तोझाची बरोबरीसुद्धा लागली, जी त्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटून लिहिली होती. चारच्या सुमाराला तिघंही पडद्यावर डोळे लावून बसले. फक्त लाबूद उरला होता. लाबूद जिंकला तर तोझा आणि स्रेतेन दोघांच्या घरांच्या गळक्या छपरांचं काम झालं असतं. साठाव्या मिनिटाला पाहुण्यांचा गोल. पंचाहत्तराव्याला दुसरा. पर्सिदाला पडद्यावर फक्त आकडे दिसत होते, पण तिला माहीत होतं चेंडू कुठल्या बाजूने गेला.

शिट्टी झाली. स्रेतेनने टोपी टेबलावर आपटली.

"एकदा! आयुष्यात एकदा जर कोणी तिथे दोन लिहिला असता!"

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. तोझा त्याच्याकडे बघत राहिला. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसानेही मान वर केली.

"माफ करा, वहिनी," स्रेतेन पुटपुटला. "जीभ घसरली. तुमच्या वडिलांना मी खेळताना बघितलंय."

"वडिलांनी याहून वाईट ऐकलंय," पर्सिदा म्हणाली. तिचा हात कोटाच्या खिशात होता, तिकिटावर. तिने तो तिथेच ठेवला. मग उठली, काउंटरवर गेली आणि झागोर्काकडे गुपचूप तिकीट सरकवलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. परत येताना तिच्या हातात ट्रे होता: तीन कॉफी, तीन राकिया.

स्रेतेनला लाज वाटली. "अहो, वहिनी, पेन्शनीतून कशाला? आज आम्ही देतो."

"नियम म्हणजे नियम. माझ्या ओळीने पाडलं."

"पण एवढे कुठून..."

"मिलुतिनने ठेवलेत," पर्सिदा म्हणाली.

दोघांनी माना खाली घातल्या. तिघांनी गेलेल्यासाठी पहिले थेंब जमिनीवर सांडले, आमच्याकडे सांडतात तसे, आणि राकिया प्यायले. मग तोझाने स्रेतेनकडे बघितलं. स्रेतेन थोडा वेळ खोकला, कुरकुरला, आणि शेवटी पेन्सिल उचलून तिच्यासमोर ठेवली.

"घरी घेऊन जा, वहिनी. हरवू नका. पुढच्या शनिवारी लागेल."

त्या संध्याकाळी पर्सिदा घरी आली, दारात बसून बूट काढले, आणि मिलुतिनसारखीच, काही उत्तर न देता हसली.