लमॉन्टने हात वर केला नव्हता

सोमवारी सकाळी लॉरेटाने ओव्हनमधून पावासारखी फुगलेली बिस्किटं काढली, त्यांच्यावर पांढरी ग्रेव्ही ओतली आणि बशी नवऱ्यापुढे हळूच ठेवली. ते हळू ठेवणंच वेंडेलला लागलं. चौतीस वर्षांच्या संसारात, परवापर्यंत, या बाईने आवाज न करता बशी कधी ठेवली नव्हती.

"खा."

"भूक नाही."

"काल चर्चच्या जेवणातही नव्हती. कोंबडीचा एक तुकडा घेऊन तासभर चघळत बसला होतास, सगळे दात पडल्यासारखा."

वेंडेल टार्पली बर्मिंगहॅमच्या एका शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवायचा. पण अलाबामाच्या त्या भागात त्याला लोक ओळखत ते शुक्रवारचा पंच म्हणून. एकतीस वर्षं दर शुक्रवारी शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या, सामन्यांत त्याने शिट्टी वाजवली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट तो स्वतःच इस्त्री करायचा, लॉरेटाला हात लावू देत नसे. हरलेले कोच त्याला आंधळा म्हणत, म्हातारा म्हणत, पण खोटारडा असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंच्या एका नव्या लीगने त्याला बोलावलं, तेव्हा त्याने नवे बूट आणले आणि ते घरातल्या घरात घालून फिरला.

त्या लीगने नियम बरेच बदलले होते. वेंडेलने ते घोकले. लॉरेटा भांडी घासता घासता प्रश्न विचारी, तो उत्तरं देई. शाळेच्या खेळात सुरुवातीला लाथेने उडवलेला चेंडू गोलरेषेपलीकडे गेला की डाव तिथेच संपतो, पंचाने लगेच शिट्टी वाजवायची. नव्या लीगमध्ये डाव चालूच राहणार होता. ज्याने चेंडू झेलला त्याने धावायचं, आणि धावायचं नसेल तर एक हात वर करायचा; मगच पंचाने शिट्टी वाजवायची. दुसरा मोठा बदल म्हणजे पंचांच्या छातीला छोटा माइक. ते आपापसात काय ठरवतात ते घरोघरी टीव्हीवर ऐकू जाणार होतं. प्रेक्षकांपासून काही लपवायचं नाही, असं लीगचं म्हणणं. वेंडेलला ते फार पटलं होतं.

शनिवारी लीगच्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीला चेंडू उंच आला आणि गोलरेषेच्या दोन पावलं मागे, संघात नव्याने आलेल्या लमॉन्ट पेटवेने तो झेलला. झेलला आणि सुटला. त्याच क्षणी वेंडेलच्या तोंडातली शिट्टी वाजली. त्याने ती वाजवली असं म्हणणंही कठीण, ती एकतीस वर्षांच्या सवयीने आपली आपणच वाजली. समोरचे सगळे जागच्या जागी थांबले. लमॉन्टला मात्र गोंगाटात काही ऐकू आलं नाही. तो शंभर यार्डांचं अख्खं मैदान एकटा धावत गेला, पलीकडे पोचून चेंडू डोक्यावर धरला आणि मागे वळला. मागे कुणीच नव्हतं. स्टँडमध्ये लोक हसायला लागले.

पाच पंच डोकी जुळवून उभे राहिले. मुख्य पंच हॉलिसने विचारलं, "टार्पली, शिट्टी कशाला?"

'चुकलो' एवढा एक शब्द पुरला असता. वेंडेल म्हणाला, "त्याने हात वर केला होता."

हॉलिसने मान हलवली आणि तसाच निकाल दिला. कॅमेरा त्या क्षणी समोरून धावत येणाऱ्यांवर होता, लमॉन्ट चित्रात नव्हताच. पंचांच्या त्या घोळक्यातलं बोलणं पूर्वी तिथेच विरून जायचं. या वेळी ते घरोघरी पोचलं, चर्चच्या चौघी बायकांना घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या लॉरेटापर्यंतही. नवरा खरं बोलतो तेव्हा कसा बोलतो हे तिला ठाऊक होतं. तिने काही विचारलं नाही, तेव्हापासून बशा मात्र हळू ठेवू लागली.

दारावर टकटक झाली.

दारात अर्लीन पेटवे उभी होती. लमॉन्टची आई, आणि वेंडेलच्याच शाळेच्या भोजनघराची मुख्य. वेंडेलला एकवीस वर्षं दुपारचं जेवण तिच्याच हातचं.

"ये ना आत, अर्लीन," लॉरेटा म्हणाली. "बिस्किटं गरम आहेत."

"बसायला नाही आले गं." ती वेंडेलकडे वळली. "मिस्टर टार्पली, शिट्टीचं मी काही बोलत नाही. माझ्या हातूनही सूपमध्ये दोनदा मीठ पडतं, दोनशे पोरं तोंडं वाकडी करतात. मला एवढंच सांगा, माझ्या लमॉन्टने हात वर केला होता का?"

वेंडेलने काटा उचलला आणि परत बशीत ठेवला.

"कोच म्हणतो, हात वर करून मग धावत सुटणारा गाढव मला नको. आज बारा वाजता संघाची यादी लागणार, तीत त्याचं नाव नसणार. तीन वर्षं पोरगं गोदामात खोकी उचलत होतं ते या एका संधीसाठी. पण ते जाऊ दे. काल न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून हात वर करून बघत होता. मला म्हणाला, 'मम्मा, केलाही असेल मी. टार्पली सर उगाच कशाला म्हणतील?' गाडी तुम्हीच शिकवलीत ना त्याला."

'मला तसं दिसलं.' हे वाक्य वेंडेलच्या जिभेवर तयार होतं. ते खोटं ठरवणं कुणाला शक्य नव्हतं. आरशासमोर स्वतःचाच हात तपासणारा तो सत्तावीस वर्षांचा गडी त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"नाही केला," तो म्हणाला.

"काय?"

"हात. नाही केला त्याने. शिट्टी मी सवयीने वाजवली. आणि मग सगळे बघत होते, म्हणून खोटं बोललो."

अर्लीन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश खुर्चीवर टेकली. "एकवीस वर्षं तुमच्या ताटात मक्याच्या पावाचा एक तुकडा जास्तीचा टाकत आले मी," ती म्हणाली. "कुणाला टाकत नाही." मग पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "करा आता फोन. मी इथेच बसते."

लॉरेटाने फोन त्याच्या हातात ठेवला. "आणि मोठ्याने बोल. नको तिथे बोललास तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं."

लीगच्या पंचांच्या प्रमुखाने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "टार्पली, हे तू लेखी दिलंस तर या मोसमात परत मैदानावर येणार नाहीस. कदाचित कधीच नाही."

"देतो लेखी."

"आज रात्री विचार कर, उद्या बोलू."

"नको. विचार केला की मला पळवाटा सुचतात."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "बरं. तुला काही म्हणायचंय? वेळ मागायचाय, सुनावणी हवी आहे?"

वेंडेलने अर्लीनकडे पाहिलं नाही, तेवढा धीर त्याला नव्हता. समोरच्या ग्रेव्हीवर साय धरली होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "एकच विनंती आहे. माझं काय करायचं ते सावकाश ठरवा. लमॉन्टच्या कोचला मात्र आज बाराच्या आत फोन करा."