कढईच्या कड्या

माझे मामा नत्थूजी आचारी आहेत. बोरगाव मेघेच्या कडेला त्यांचं अर्धा एकर वावर आहे, त्यात दरवर्षी मिरची असते, पण कुणी विचारलं तर शेतकरी म्हणून सांगणार नाहीत. आचारीच! लग्नघरी जाताना ह्या माणसाच्या हातात एक झारा आणि खिशात सामानाची यादी, बस्स. कढया गावच्या, चूल लग्नघरची, कांदे चिरायला बाया तिथल्याच. हल्लीचे केटरर टेम्पोभर भांडी घेऊन येतात, त्यांचं नाव काढलं तरी मामांचं डोकं फिरतं. आणि नियम एकच. भाजीचा थेंब तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय पंगत बसू द्यायची नाही. चाखायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वाढा." एकदा नवरदेवाच्या काकांनी घाईघाईत हा शब्द त्यांच्याआधी उच्चारला, तर मामा झारा काखेत मारून घरी निघाले होते. अर्ध्या रस्त्यातून परत आणावं लागलं.

गेल्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. "नंदे, मिरची गेली. सगळी. येजो."

मी नंदिनी, नागपूरला झाडांच्या विषाणूंवर अभ्यास करते. मामांच्या मते हे काम बिनकामाचं होतं, आता मात्र त्यांना मी आठवले. गेले. झाडनझाड आजारी. पानं आकसलेली, त्यांवर गर्द हिरवे आणि पिवळट चट्टे. गावात मिरचीच्या असल्या सगळ्या दुखण्यांना 'कोकडा' म्हणून मोकळे होतात. मी पानं नागपूरला नेऊन तपासली, हा माव्यातून, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीतून पसरणारा विषाणू होता. परत आले तोवर कमलामामींचा निर्णय झालेला होता, उपटायचं आणि हरभरा पेरायचा. शेजारचे रूपराव ट्रॅक्टर द्यायला तयार होते.

आणि विहिरीकडून तिसऱ्या ओळीत मला ते झाड दिसलं. हिरवंगार! पांढऱ्या फुलांनी भरलेलं, आजूबाजूला सगळी मरतुकडी असताना एकटं ताठ उभं. मी ओरडलेच.

"याले काऊन नाई झाला?" मामांनी विचारलं.

आनंदात माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. मी म्हणाले, "मामा, विषाणू म्हणजे तुम्हीच! त्याच्याजवळ काय असतं? नुसती एक यादी. ना चूल, ना भांडी, ना माणसं. झाडाच्या पेशीत शिरतो आणि तिचीच प्रथिनं कामाला जुंपतो. यादी त्यांच्याकडून वाचून घेतो आणि स्वतःच्या हजारो नकला तिथंच रांधून घेतो. ह्या झाडात त्याला लागणारं एखादं भांडं नसेल."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे मी रोग हावो?"

"तसं नाही हो मामा..."

"चाळीस वर्सं लोकायले जेवू घातलं, अन भाची मले रोग म्हणते!"

आमच्याकडे भाची निघाली की मामा तिच्या पाया पडतो. त्या दिवशी मामांनी रीतसुद्धा मोडली आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले. मला रडू आलं आणि रागही आला. चांगलं समजावून सांगायला गेले आणि माणूसच तोडून बसले.

चार दिवसांनी सकाळी सहाला फोन. "नंदे, त्या झाडाच्या कढईच्या कड्या बारीक असन का?"

मी झोपेतून उठून बसले. सिंदी मेघेत एका बारशाला मामा गेले होते. तिथली मोठी कढई उचलायला त्यांनी नेहमीसारखा कड्यांतून दांडा घालायला घेतला, तर कड्या लहान, दांडा जाईना. घरच्या बाया मात्र फडक्यानं धरून तीच कढई रोज उतरवत होत्या. "घरच्याईचं काम अडलं नाई," मामा म्हणाले, "अडलं माह्यंच. तसंच झालं असन नं?"

मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात अक्षरशः नाचले! पुस्तकं वाचून मला जे महिनाभरात कळलं होतं ते ह्या माणसाला एका बारशात कळलं होतं. झाडाचं प्रथिन जागेवर असतं, झाडाचं काम चालू राहतं, फक्त त्याचा आकार इतकासा बदललेला असतो की विषाणूला ते धरता येत नाही. पण खरं तेही सांगायला हवं होतं. "मामा, हा माझा अंदाज आहे. माव्यानं ते झाड नुसतं चुकवलंही असेल."

"मंग कसं समजन?"

"रोगट पानांचा रस मुद्दाम त्याच्या पानांवर चोळायचा. तरी हिरवं राहिलं तर खरं."

तेवढं एकच झाड वाचलं होतं. रूपराव धरून पाच जणांनी त्याचं बी मागून ठेवलं होतं. मीच घाबरले आणि म्हणाले, "मिरच्या पिकेपर्यंत थांबा, मग बघू."

"न चाखता वाढू काय लोकायले?" मामा खेकसले. "अन दैवानं वाचलं असन तं मी दैव वाटू का पुड्यायमंदी?"

मामींनी अख्खं घर डोक्यावर घेतलं. "एकच तं वाचलं, त्यालेबी रोग लावता?" पण मामा ऐकतील तर ते मामा कसले. रविवारी त्यांनी स्वतः खलबत्त्यात रोगट पानं वाटली. पानांना बारीक ओरखडे पडून रस आत शिरावा म्हणून मी आणलेली खरखरीत पूड भुरभुरली, म्हणाले ही तर रांगोळीच. मग बोटानं रस चोळला, रसानं रोग लागतो का ते कळायला आधी तेलाच्या डब्यांत लावलेल्या दोन निरोगी रोपांवर, मग त्या झाडावर.

रोज फोन. बाराव्या दिवशी मामा ओरडत होते, "डब्यातल्या दोन्ही रोपांले झाला! लागला रोग!" मागून मामी म्हणत होत्या की रोग झाल्यावर नाचणारा माणूस वर्धा जिल्ह्यात हा एकच असेल. विसाव्या दिवशी मी धावत गेले. झाड हिरवंगार! पानं नागपूरला नेऊन तपासली. विषाणूचा मागमूस नाही. यादी घेऊन आला होता, पण त्याला काही रांधता आलं नव्हतं.

मग मामींची मच्छरदाणी गेली. हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच पुढच्या झाडात दिसतो, म्हणून मधमाश्यांनी बाहेरचे पराग आणायला नकोत, असं मी सांगितलं होतं. "सोयरीक घरातल्या घरातच," मामा म्हणाले आणि झाडाला मच्छरदाणी बांधून टाकली. त्या दिवशी मी निघताना ते माझ्या पाया पडले, तेही दोनदा. एक मागचं राहिलेलं.

जानेवारीत मिरच्या लालभडक झाल्या. रूपराव आणि बाकीचे चौघं डब्या घेऊन अंगणात येऊन बसले. मामींनी बी काढून ताटात ठेवलं आणि पहिल्या डबीकडे हात नेला.

"थांब!" मामा म्हणाले.

त्यांनी एक मिरची उचलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत ती कुणी चाखलीच नव्हती. फिक्की निघाली तर? मामांनी अख्खी मिरची कच्चीच चावली. तोंड लाल झालं, कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. मामी गूळ घेऊन धावल्या, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. डोळे मिटले.

"वाढा," मामा म्हणाले.