चोचीखालचा लाल टिपका

ती बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी सातवी शिकलेला, शिपायाचा फौजदार झालेला माणूस. जसं घडलं तसं लिहितो. नावं कोणाची देणार नाही.

नाशिकच्या एसटी स्टँडवर ती सापडली. भानावर नव्हती; नाव सांगेना, गाव सांगेना. स्टेशन डायरीला नोंद केली, कोर्टाचा आदेश घेतला आणि तिला मनोरुग्णालयात दाखल केलं. मग आमचे बंदोबस्त आणि मोर्चे सुरू झाले.

बऱ्याच महिन्यांनी फोन आला. तिथल्या रुग्णांना चित्रकला शिकवायला एक मॅडम यायच्या. म्हणाल्या, "साहेब, तुमची ती अनोळखी बाई विणकर असणार. येऊन बघा."

गेलो. डॉक्टर म्हणाले, बाई आता बरी आहे, पण स्वतःबद्दल अक्षर बोलत नाही. घर सापडलं तर सोडता येईल, नाही तर इथंच राहील.

हॉलमध्ये सतरंजीवर सगळे पेशंट आधी पेन्सिलीनं आकार काढून मग रंग भरत होते. ही मात्र कागदाच्या खालच्या कडेपासून रंगाची एकेक आडवी ओळ भरत वर चालली होती. थोडा हिरवा, मग पिवळा, परत हिरवा. काय चाललंय कळेना. बघता बघता कागदावर पोपट उभा राहिला, पैठणीच्या पदरावर असतो तसा. मागावर नक्षी अशीच खालून वर, एकेक आडव्या धाग्यानं चढते.

चित्राचा फोटो मोबाइलवर घेऊन येवला गाठलं. विणकरांच्या आळ्या फिरलो. एका घरची सून बरेच दिवस कोणाला दिसली नव्हती. मिसिंगची तक्रारही नव्हती. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवरा म्हणाला, "माहेरी गेलीय, मालेगावला."

"लाव फोन."

"तिकडं रेंज नाय, साहेब."

"मालेगावात रेंज नाही? मला येडा समजतोस का?"

आत मागावर एक बाई बसलेली. विचारलं, "ही कोण?"

"पाव्हणी हे."

"पाव्हणीला मागावर बसवतोस?"

मी मोबाइल त्याच्या म्हाताऱ्या आईपुढं धरला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"हा तिचाच पोपट. चोचीखाली लाल टिपका तीच घालायची, दुसरं कोन घालत नाय." मग पोराकडं वळली. "तू तर म्हनला व्हता, पळून गेली. तोंड उघडू नको म्हनला. मी इतके दिस तिला शिव्या घालतेय."

तेव्हा त्यानं कबूल केलं. "डोकं फिरलं व्हतं तिचं, साहेब. काय करू? स्टँडवर बसवली. म्हनलं, पानी घेऊन येतो."

त्याचा जबाब घेतला आणि रुग्णालयात जाऊन तिला सांगितलं, घर सापडलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"माझ्या मागावर कोन बसतं?"

खोटं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं, "त्यानं दुसरी आणलीय."

"तक्रार दे," मी म्हणालो, "बघतो त्याच्याकडं."

"नाय द्यायची. तिकडं जायाचंबी नाय."

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "साहेब, ती आता सगळ्यांसारखी आधी पेन्सिलीनं आकार काढते. घर काढते, झाड काढते. पोपट सोडला तिनं."

वरिष्ठांनी शाबासकी दिली. अनोळखी इसमाची ओळख पटली, कागद बंद झाला. माहेरचंही कोणी न्यायला आलं नाही; ती अजून तिथंच आहे. या केसनं मला एवढंच शिकवलं, की पत्ता शोधणं पोलिसाच्या हातात असतं. त्या पत्त्यावर बाईला जागा ठेवलीय का, ते नसतं.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. इंदिरानगरच्या घरात खिडकीशी तिचं शिलाई मशीन आहे. सून म्हणते, "बाबा, नुसतं पडून आहे, मी बसू का?" मी नाही म्हणतो. तिला वाटतं, म्हातारा हेकट झाला.

वाटू दे.